आमचं मस्टर कुठंय?

२०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादेत एका कबरीभोवती पत्रे ठोकले. कबर औरंगजेबाची. माणूस मरून तीनशे अठरा वर्षं झाली आणि आत्ता त्याला आडोसा लागला. ज्या पोरानं ते पत्रे ठोकले त्याचं नाव एकाही चॅनेलवाल्यानं विचारलं नाही.

मी तेव्हा मुंबईच्या गोदीत रात्रपाळीला. जहाजातून लोखंडी पत्र्याचं गुंडाळं वर येतं, वाऱ्यानं हलतं, खाली आम्ही मान वर करून उभे. चहाच्या सुट्टीत टोळीतल्या एकानं मोबाइल पुढं केला. "कवी, तुझं गाव बघ." गोदीत मला कवीच म्हणतात, निम्मं कौतुकानं, निम्मं चेष्टेनं. बघतो तर खरंच आमचं गाव. पोलीस, गाड्या, कॅमेरे. एक बाई माइक धरून सांगत होती, खुलताबादचा इतिहास असा आणि खुलताबादचा इतिहास तसा. कबर उखडा म्हणणारे ओरडत होते, कबर राखा म्हणणारे ओरडत होते. १७ मार्चला तिकडं नागपुरात दंगल पेटली. एप्रिलात एका मंत्र्यानं जाहीर केलं, खुलताबादचं रत्नापूर करणार.

करा. रत्नापूर करा, हिरापूर करा, माणिकपूर करा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला २७ जुलै १९७८ ला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं आमच्या वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेंना हालहाल करून मारलं, लाँग मार्च निघाले, पोरं तुरुंगात सडली. आणि शेवटी पदरात काय, तर नामविस्तार. औरंगाबादचं संभाजीनगर २०२२ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळात ठरलं आणि २०२३ च्या फेब्रुवारीत दिल्लीचा शिक्का बसला. मागणी जुनी होती, कबूल. पण एकदा ठरल्यावर आठ महिने. नावाचा कागद कुणासाठी पळतो आणि कुणासाठी रांगतो हे आम्हाला शिकवायला मास्तर नको.

पण आज मला दुसऱ्याच नावांबद्दल बोलायचंय. राजांच्या नावांबद्दल नाही. ते तुम्ही बोलताच आहात.

झालं असं, की फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक पातळ इंग्रजी पुस्तिका घावली. वीस रुपये. कव्हरवर दगडी खांब आणि खांबावर मुंगीएवढी कोरीव अक्षरं. त्या चित्रासाठीच घेतली. माझं इंग्रजी दहावीपुरतं, तेही काठावर पास. डिक्शनरी घेऊन महिनाभर झुंजत बसलो. कुणा विद्वानाचं पुस्तक नव्हतं ते. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्थम्बरलंड म्हणून मुलूख आहे, तिथल्या हार्टली नावाच्या कोळसाखाणीच्या गावाचा आणि शेजारच्या इअर्सडनच्या चर्चचा तो गावकऱ्यांनीच लिहिलेला इतिहास.

१६ जानेवारी १८६२. खाणीत उतरायला विहीर एकच. बारा फूट रुंद. तिच्यातूनच माणूस खाली जाणार, तिच्यातूनच कोळसा वर येणार, तिच्यातूनच हवा खेळणार. विहिरीच्या तोंडावर पाणी उपसायच्या इंजिनाची बिडाची तुळई, बेचाळीस टनांची. ती मधोमध मोडली आणि अर्धी थेट विहिरीत. जाताजाता आतलं लाकूडकाम फोडत गेली आणि सगळा राडारोडा मध्येच अडकून विहीर बुजली. नेमकी पाळी बदलायची वेळ. एक पाळी अजून वर आली नव्हती आणि दुसरी उतरली होती. वरची माणसं सहा दिवस उकरत राहिली. आत पोचली तेव्हा सगळे गुदमरून मेलेले, रांगेनं बसल्यासारखे, बापांना बिलगलेली पोरं. एकंदर २०४ जण. त्यात दहा-बारा वर्षांची लेकरं होती.

इअर्सडनच्या चर्चच्या आवारात इतक्यांना पुरायला जागा पुरेना. जमीनदारानं शेजारचा तुकडा दिला. मागाहून तिथं दगडी खांब उभा केला आणि त्याच्यावर मेलेल्यांची नावं कोरली. नाव आणि वय. त्याच साली विलायतेत कायदा झाला की खाणीला दोन वाटा पाहिजेत. दुसरी विहीर खणायची म्हणजे मालकाच्या खिशाला चाट, म्हणून तोवर खणली नव्हती.

आता कुणी म्हणेल, कवी साहेबाच्या गुणाचा झाला. थांब जरा. ज्या इंग्रजानं हा खांब उभा केला त्याच इंग्रजानं आपल्याकडं चांद्याजवळ वरोऱ्याला कोळसाखाण काढली, कोळसा ओरबाडला आणि १९०६ ला ती बंद करून चालता झाला. तिथं खाली उतरलेल्यांची नावं आपल्यापैकी कुणाला पाठ आहेत? विलायती कोळसा जहाजं भरभरून मुंबई बंदरात यायचा. तो टोपल्यांनी उपसणारे, फुफ्फुसात काळी भुकटी घेऊन मरणारे तुमचे-माझेच पणजे-खापरपणजे. इंग्रजाच्या गावात खांब आहे तो गोऱ्या कातडीच्या मेहरबानीनं नाही. तिथल्या खाणकामगाराच्या बायकापोरांनी आपलं माणूस विसरू दिलं नाही म्हणून आहे.

आणि आणखी एक कारण. वही. त्यांच्याकडं चर्चच्या हद्दीला पॅरिश म्हणतात. १५३८ साली राजाच्या मंत्र्यानं हुकूम काढला, प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत नोंदवायचं. त्यात धर्मात्मेपणा काही नव्हता, माणसांवर नजर ठेवायचीच सोय. पण जो जन्मला आणि मेला त्याचं नाव वहीत आलं. लोहार, गडी, मोलकरीण. म्हणून आज तिथल्या खाणकामगाराचा पणतू उठतो, वही उघडतो आणि गावाचा इतिहास लिहितो. त्याला त्यासाठी कुणी राजा लागत नाही, कुणाची कबर उकरावी लागत नाही.

आमच्याकडं वही होती कुणाच्या बगलेत? कुलकर्ण्याच्या. तो लिहायचा सारा आणि बलुतं. त्र्यंबकच्या पंड्याच्या चोपडीत कुळं होती, पण ज्याला देवळाची पायरी चढता येते त्याचीच. आणि महार? शिवेचा तंटा पडला तर साक्ष महाराची. गावाची हद्द कोणत्या दगडापासून कोणत्या झाडापर्यंत हे महारानं सांगायचं. मयताचा सांगावा परगावी पोचवायचा महारानं, रात्री-अपरात्री, पावसात, अनवाणी. कोण कधी मेलं, कुणाचा बांध कधी सरकला, सगळं त्याच्या डोक्यात. गावाची चालतीबोलती वही होता तो. आणि त्याचं स्वतःचं मढं कोणत्या साली कुठं पुरलं, विचारा बरं गावाला.

आमच्या गावाचं जुनं नाव रौजा. जुनी माणसं अजून रोजाच म्हणतात. जिकडं बघाल तिकडं घुमट. बुऱ्हाणुद्दीन गरीब, १३३७ ला गेले. जैनुद्दीन शिराझी, आणि त्यांच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेब. पहिला निजाम असफजाह इथंच. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा तानाशाह दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत मेला, तोही इथंच. अर्धी दख्खन इथं येऊन निजलीय. पलीकडं भद्रा मारुती, तोही निजलेलाच. श्रावणातल्या शनिवारी रात्रभर चालत माणसं त्याच्या दर्शनाला येतात. आमच्या गावात बादशहा आडवे, देव आडवे, उभा तेवढा डोक्यावर पाटी घेतलेला माणूस.

गाइड सांगतो, बादशहानं टोप्या शिवून पैसे साठवले, त्यातल्या चौदा रुपये बारा आण्यांत ही साधी कबर झाली. सांगताना त्याचा गळा भरून येतो. अरे बाबा, १७०७ ला मेला तो नगरला. नगरपासून इथवर ते मढं उचलून कुणी आणलं? रस्त्यात किती खांदे बदलले? त्या खांद्यांची मजुरी चौदा रुपये बारा आण्यांत धरलीय का वेगळी? पुढं लॉर्ड कर्झनच्या सांगण्यावरून निजामानं भोवती संगमरवरी जाळी बसवली. ती घासून घासून कुणाच्या बोटांची सालपटं निघाली?

एका मलिक अंबरबद्दल मला माया आहे, हे सांगून टाकतो. हबशाचा पोर. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, या बाजारातून त्या बाजारात, असा हातोहात दख्खनला पोचला. निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांना पाणी पाजलं, १६१० ला खडकी वसवली. तेच पुढं औरंगाबाद. १६२६ ला मेला, कबर आमच्या गावात. त्याच्या नहरीची तारीफ इंजिनियर लोक आजही करतात, डोंगरातून जमिनीखालून शहरात पाणी आणलं म्हणून. बरोबर आहे. पण जमिनीखाली उतरून ती वाट खणली कुणी? तीसुद्धा खाणच की. गुलाम वजीर झाला म्हणून नाव राहिलं. त्याच्याबरोबर जे विकले गेले आणि वजीर झाले नाहीत, त्यांचं काय?

आमच्याच तालुक्यात वेरूळ आहे. चौतीस लेणी. कैलास म्हणजे डोंगर वरून खाली कोरत आणलेला, कळस आधी, पाया मागून. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचं नाव त्याला लागलं. बडोद्याला एक ताम्रपट सापडला, इसवी सन ८१२ चा. त्यात लिहिलंय की हे देऊळ बघून आकाशातले देव चकित झाले आणि ज्यानं ते घडवलं त्यालाही कळेना, हे आपल्या हातून झालं कसं. बघा. राजाच्या कवीनं कारागिराचं आश्चर्य लिहिलं, नाव लिहिलं नाही. कोकासा म्हणून एका सुताराचं नाव दंतकथेत येतं, तेवढंच. आणि कोकासाच्या हाताखाली छिन्नी लाल करून देणारे, चिरा वाहून टाकणारे, खालच्या दरीत घसरून मेलेले? त्यांना दंतकथासुद्धा नाही.

याच वेरूळला बौद्ध लेण्यांतल्या पाच नंबरच्या लेण्याला काय म्हणायचे ठाऊक आहे? महारवाडा. त्या बाजूच्या लेण्यांच्या झुंडीलाच ढेडवाडा म्हणायचे. फर्ग्युसन आणि बर्जेस या साहेबांनी १८८० च्या आपल्या पुस्तकात हीच नावं उतरून घेतली. आत गेलात तर दोन लांबलचक दगडी ओटे दिसतील, भिख्खूंच्या बैठकीचे. शेवटी बुद्ध. त्या जागेला गाव शिवी म्हणून महारवाडा म्हणत होतं. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ उजाडणार आणि शिवीतला पत्ता बरोबर निघणार, हे शिवी देणाऱ्याला काय माहीत! पण आता पाटीवर फक्त नंबर आहे, लेणी क्रमांक ५. मी म्हणतो ते नावही तिथं लिहा. आम्हाला लाज नाही. लाज ज्यांनी ठेवलं त्यांना वाटू द्या.

आणि ज्यांना वाटतं की कबर राखणाऱ्यांच्या बाजूला गेलो म्हणजे आपण पुरोगामी झालो, त्यांच्यासाठी १९३४ सालची गोष्ट. आमच्या घाटाच्या पायथ्याशी दौलताबाद. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांना घेऊन वेरूळची लेणी बघायला निघाले होते, वाटेत किल्ला बघायला थांबले. रमजानचा महिना. रस्त्याच्या धुळीनं तोंडं भरलेली, किल्ल्याच्या दाराशी पाण्यानं भरलेला हौद. काहींनी हातपाय धुतले. झालं. एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, ढेडांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या. शेवटी आत सोडलं ते एका अटीवर, की किल्ल्यात कुठंही पाण्याला हात लावायचा नाही. हत्यारबंद शिपाई बरोबर दिला, नजर ठेवायला. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. निजामाचं राज्य होतं ते. हौद निजामाचा, मन मनूचं. म्हणून सांगतो, कबर उखडणाऱ्याच्या टोळक्यात आमच्या पोरांनी जायचं नाही, कारण आज पहार कबरीवर आहे, उद्या ती आमच्या विहारावर असेल. आणि कबरीच्या मालकांपुढं मान डोलवत बसायचीही गरज नाही. त्यांच्यातला पिंजारी, कसाई, फकीर हा आमचा भाऊ. हौदावरचा तो म्हातारा नाही.

आता घरातलं सांगतो. बाकी सगळं पुस्तकातलं झालं.

१९७२ चा दुष्काळ. माझी आजी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, एक लेकरू कडेला, एक पोटात. सरकारनं कामं काढली, खडी फोडा, रस्ते करा, पाझर तलाव बांधा. अमेरिकेतून आलेली लाल मिलो जवारी आणि सुकडी खाऊन माणसं जगली. आजही तिच्यापुढं सुकडीचं नाव काढलं की ती पदर तोंडाला लावती. आमच्या तालुक्यातल्या एका तलावाच्या भिंतीवर ती मातीच्या पाट्या वाहत होती. मुकादमाकडं मस्टर. लांब, निळ्या रेघांचं. सकाळी नाव पुकारायचं, हजेरीची खूण करायची, हप्त्याला अंगठा घ्यायचा. मी विचारलं, "आजी, मस्टरवर तुझं नाव होतं?"

"माह्यं कुठलं? तुह्या आज्याचं नाव, आन् फुडं 'बायको'. समद्याच बाया तशा. अमक्याची बायको, तमक्याची सून, फलान्याची रांड."

रांड म्हणजे विधवा. कागदावर तसं लिहीत असतील किंवा पुकारताना म्हणत असतील, ती म्हणती तसं मी लिहिलं.

आजीच्या पाळीत एक बाई होती. माती खणता खणता दरड वरून आली आणि ती खाली गेली. उकरून काढली तेव्हा संपली होती. दुपारी काम पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमानं सवयीनं पुकारा केला, त्या बाईच्या नवऱ्याचं नाव आणि पुढं बायको. कुणी ओ दिली नाही. मुकादमानं मस्टरवर खूण केली.

"काय खूण केली?"

"गैरहजर."

ही बारा-तेरा वर्षांपूर्वी आजीनं सांगितलेली गोष्ट. हार्टलीची पुस्तिका वाचताना मला ती आठवली आणि रात्रभर झोप लागली नाही. तिकडं मेलेल्या दहा वर्षांच्या पोराचं नाव दगडावर वयासकट. इकडं आमची बाई मातीखाली मेली आणि सरकारी कागदावर कामचुकार ठरली.

तो तलाव आजही आहे. चांगल्या पावसाळ्यात भरतो. खालच्या शिवारात ऊस होतो, मोसंबी होती. आमच्या वस्तीतल्या एकाचीही तिथं गुंठाभर जमीन नाही. भिंतीवर पाटी आहे. पाटीवर ज्यानं येऊन फीत कापली त्याचं नाव. त्याच दुष्काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना निघाली, १९७७ ला कायदा झाला, मागाहून दिल्लीनं २००५ ला सगळ्या देशासाठी कायदा केला तेव्हा या योजनेचा धडा गिरवला. परिसंवाद झाले, प्रबंध झाले. योजना कुणाच्या डोक्यातून निघाली त्यांची नावं पुस्तकात आहेत आणि असावीत. कुणाच्या डोक्यावरून निघाली ती नावं मस्टरवर होती. मस्टर कुठंय? कोणत्या कचेरीच्या माळ्यावर उंदरांनी खाल्लं? कोणत्या रद्दीवाल्यानं त्यात भजी बांधली?

गोदीचंही तेच. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. तारीख बघितली ना? बाबासाहेबांचा वाढदिवस. फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज धक्क्याला लागलेलं. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, त्याच्या जोडीला कापसाच्या गाठी, आणि सोन्याच्या विटा. दुपारी गाठींना आग लागली. चारच्या सुमाराला जहाज उडालं, अर्ध्या तासानं पुन्हा उडालं. गोदी गेली, वखारी गेल्या, मांडवी-मशीदबंदरची वस्ती पेटली. आग विझवायला गेलेले ६६ बंबवाले मेले, त्यांची आठवण दरसाल निघती, त्या तारखेला देशभर अग्निशमन दिवस पाळतात. पाळायलाच पाहिजे, मर्द माणसं होती. पण हॅचमध्ये माल उतरवणारे, बारदान ओढणारे, वखारीत पाठीवर पोती घेतलेले? मेलेल्यांचा आकडा कुणी सातशे सांगतं, कुणी तेराशे. सहाशे माणसांचा फरक! म्हणजे एवढी माणसं कागदावर होती का नव्हती याचाच पत्ता नाही. सोन्याच्या विटांचा मात्र हिशोब होता. पुढं तीस-तीस वर्षांनीसुद्धा गाळ काढताना वीट सापडली तर ती कुणाची हे सांगता येत होतं, तिच्यावर नंबर होता.

मी ज्या ठेकेदाराकडं आहे त्याच्याकडं आता मस्टरही नाही. मोबाइलवर अंगठा. काम संपलं की ग्रुपमधून काढून टाकतात. मागच्या साली एकाचा पाय स्लिंगखाली गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर ग्रुपमधून गायब. गैरहजरसुद्धा नाही. आजीच्या मुकादमानं निदान खूण तरी केली होती.

आता आपल्याकडं बोट. दुसऱ्याला शिव्या देऊन थांबलो तर हे पान फाडून टाका.

आपण तरी काय करतो? जयंतीला डीजे लावतो, आठ-आठ फुटी बॅनर. बॅनरवर बाबासाहेब कोपऱ्यात, मध्ये नगरसेवक, खाली वर्गणी देणाऱ्या पोरांचे गॉगल लावलेले फोटो. ३० डिसेंबर १९३८ ला कन्नडजवळ मक्रणपूरला परिषद झाली, बाबासाहेब आले होते, भाऊसाहेब मोरेंनी भरवली होती. आमच्या शेजारच्या तालुक्यातली गोष्ट. भाऊसाहेबांचं नाव आपण घेतो, छान. पण निजामाच्या पोलिसांना चुकवून, भाकरी फडक्यात बांधून, रात्रभर चालत त्या परिषदेला कोण कोण गेलं? तुमच्या गल्लीतून कोण गेलं? नामांतरात तुमच्या गावातलं कुणाचं घर जळालं, त्या घरात किती भांडी होती, ते कुटुंब कुठं परागंदा झालं? माहीत नाही. आपण पुढाऱ्यांचे भाट झालो. राजा बदलला आणि भाटगिरी तीच ठेवली. कबरीवरून भांडणाऱ्यांना हसायचा अधिकार मग आपल्याला कसा?

आणि लिहिणारे आपले मित्र. कविता लिहितात, मीही लिहितो. "आम्ही", "आम्ही", "आम्ही". या "आम्ही"त किती माणसं आहेत, त्यांची नावं काय, एकानं तरी यादी केली? मला माझ्याच कवितांची शरम वाटली. सूर्य, आग, ज्वालामुखी सगळं आहे त्यात. त्या बाईचं नाव नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलो तेव्हा दोनशे पानी वही घेऊन गेलो. मस्टरसारख्या रेघा मारल्या. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, कोणत्या कामावर, कोणत्या साली, काय झालं. आईच्या नावाचा रकाना मी मुद्दाम बापाएवढाच रुंद ठेवला. वस्तीतली म्हातारी माणसं आधी हसली. एकानं विचारलं, "याचे पैशे मिळणार हायेत का?" नाही म्हटल्यावर उठून गेला, आणि संध्याकाळी परत आला. म्हणाला, माझ्या बापाचं लिही, त्यो वेरूळला साहेबाच्या हाताखाली गुहा झाडायला होता. चार दिवसांत एकेचाळीस नावं झाली. पिंजाऱ्याच्या घरातली तीन आहेत. एक वडाराचं कुटुंब पूर्ण आहे, दगड त्यांच्याएवढा कुणी फोडला नाही. हे पान वाचणाऱ्या प्रत्येक पोरा-पोरीनं आपापल्या वस्तीत अशी वही घालावी, एवढीच माझी मागणी आहे. छापायची घाई नको. आधी गोळा करा. म्हातारी माणसं दर हिवाळ्यात गळतायत.

पहिलं नाव आजीचं लिहिलं. तिला ते आवडलं नाही.

"माह्यं कशाला लिहू लागला रे? म्या काय केलं? मुकादमाचं लिही, त्यो लई शिकलेला व्हता."

मी म्हटलं, "मुकादमाचं सरकारनं लिहिलंय. तू त्या बाईचं नाव सांग. दरडीखालच्या."

आजी बराच वेळ बघत राहिली. हात हवेत फिरवला. चेहरा सांगितला, कपाळावर तीन टिंबांचं गोंदण, डाव्या गालावर देवीचा वण. पाटी उचलताना ओवी म्हणायची, आवाज चांगला होता. नवऱ्याचं नाव सांगितलं. सासऱ्याचं सांगितलं. तिचं सांगता येईना.

"समद्या तिला सूनबाईच म्हणायच्या. धाकली बहीण व्हती तिची, गल्लेबोरगावला दिलेली. असंल तर तिला ठावं असंल."

वहीच्या पहिल्या पानावर दोन नंबरची ओळ कोरी सोडलीय. कोणत्या साली, १९७२. कोणत्या कामावर, पाझर तलाव. काय झालं, तेही लिहिलंय. नावाचा रकाना तेवढा राहिला. पुढच्या पगारानंतर चार दिवसांचा खाडा करून गल्लेबोरगावला जाणार आहे.